आधी सासूबाईंना फोन दे

हातात पैसे घेऊन, स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या गिऱ्हाइकाला बसवून, पाणी देऊन, चार समजुतीच्या गोष्टी सांगून रिकाम्या हाती परत पाठवणारा विक्रेता सबंध खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. ‘सबंध खानदेशात’ हे मी माझ्या भिडस्त स्वभावाप्रमाणे म्हटलं. आमची ही ‘सबंध जगात’ म्हणते, आणि ती बोलली की मी सहसा माझा आकडा वाढवून घेतो. साडू हे नातं मुळातच अवघड. भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही. एकाच घरातल्या दोन हुशार मुलींनी आपापल्या परीने केलेल्या दोन चुका, एवढंच काय ते आमच्यातलं साम्य. त्यातली थोरली चूक ते आणि धाकटी मी, त्यामुळे ते मला ‘साडूभाऊ’ म्हणतात आणि मी त्यांना ‘आबा’ म्हणतो. आबा त्यांना सगळेच म्हणतात. साक्रीपासून असोद्यापर्यंत अशा कितीतरी बायका आहेत, ज्यांनी त्यांना कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही आणि तरी त्या त्यांना आबा म्हणतात. तो प्रकार काय आहे, तेच सांगतो.

माझ्या थोरल्या मेव्हणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का ऑनलाइन ब्लाउज शिकवतात. जळगावच्या घराच्या मागच्या खोलीत शिलाई मशीन, दोन मोठे दिवे आणि मोबाइल अडकवायचा एक उंच स्टँड, एवढ्यावर त्यांचं विद्यापीठ चालतं. कोर्स घेतला की वर्षभर धडे हवे तितक्या वेळा बघायचे, अडलं की फोटो पाठवून विचारायचं. वर्ष झालं की मुदत संपते आणि धडे बंद होतात. पुढे हवे असतील तर मुदत वाढवून घ्यायची. शिवाय साधा ब्लाउज जमला की कटोरी, कटोरी जमला की प्रिन्सेस कट, मग नवरीचा भरतकामाचा, अशा वरच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीचा कोर्स वेगळा. हे सगळं उभं केलं त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने. ती लग्न होऊन पुण्याला असते, कॉम्प्युटरमधलं सगळं तिथूनच बघते. मुदत संपत आलेल्या बायकांना फोन करायचा, मुदत वाढवायला लावायची आणि जमल्यास वरची एक पायरीही गळ्यात मारायची, हे काम तिने आपल्या बाबांना दिलं. बाबा रिटायर झालेले, जीभ चालू, वेळ भरपूर. विचार उत्तम होता. माणूस तेवढा चुकला.

चुकला अशासाठी की आबांचं सगळं आयुष्य ठिबकच्या कंपनीत गेलं, पण विकणाऱ्यांत नाही. विकणारे पुढे गेले की मागून जे शेतात जातात, त्या सर्व्हिसवाल्यांतले ते. केळीच्या बागेत उकिडवं बसून, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका ड्रिपरपाशी थांबून, थेंब पडतोय की नाही हे बघत त्यांनी तीस वर्षं काढली. “नळी विकली म्हणजे पाणी पोचलं असं नाही, साडूभाऊ,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मला ते झोपेतही म्हणता येईल. मी म्हणतो, असं ही सांगते. तीच वही, तेच अक्षर, तीच भाषा घेऊन ते ब्लाउजच्या धंद्यात उतरले. त्यांच्या वहीत प्रत्येक बाईपुढे शेरा असतो. ‘सातव्या धड्यावर चोकअप.’ ‘प्रेशर कमी. विचारपूस करणे.’ ‘दोन महिने थेंब नाही. ॲसिड द्यावे लागेल.’ ती वही एकदा भाचीच्या हाती पडली आणि तिने घाबरून मला फोन केला, “काका, बाबा बायकांना ॲसिड काय देणारेत?” ठिबकच्या नळ्या तुंबल्या की त्यांतून हलकं ॲसिड सोडून धुतात, आणि आबांच्या भाषेत त्याचा अर्थ जरा रागावून बोलणं एवढाच होतो, हे तिला समजावता समजावता मला घाम फुटला. आणि ॲसिड म्हणजे तरी काय? “पोरी, मशीनवर धूळ बसली असंल ना गं?” हे एक वाक्य. ते बोलल्यावर दिवसभर त्यांनाच चुटपुट लागायची.

फोन करायची त्यांची तऱ्हा बघण्यासारखी आहे. सकाळी अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. फोनवर कोण बघतंय, असं मी एकदा म्हणालो. “लोकांच्या घरात जातोय ना भो आपण,” आबा म्हणाले, “बनियनवर जायचं काय?” फोन ते उभ्याने करतात आणि आवाज असा लावतात की साक्रीच्या बाईला फोन नसता तरी चाललं असतं. पण खरी गंमत पुढे आहे. पलीकडून बाईने ‘हॅलो’ म्हटलं की यांचं पहिलं वाक्य, “कशी आहेस गं? बरं, आधी सासूबाईंना फोन दे.” कोर्स सुनेने घेतलेला, मुदत सुनेची संपलेली, आणि यांना बोलायचं असतं सासूशी. मी कारण विचारलं तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, “साडूभाऊ, मेन व्हॉल्व्ह तिथं असतो. तो बंद असला तर पुढं कितीही नळ्या टाका.” मग सासूबाईंशी गुडघ्यांवर बोलणं, यंदाच्या कुरडयांवर बोलणं, कुणाच्या पोराचं कुठे जमलं यावर बोलणं, आणि शेवटी हळूच, “तुमची सून दुपारी तासभर मशीनवर बसली तर घराला काही अडचण तर नाही ना?” सासूबाई विरघळलेल्याच असायच्या. धरणगावकडच्या एका सासूबाई तर इतक्या विरघळल्या की त्यांनी स्वतःच कोर्स घेतला आणि तीन महिन्यांत सुनेच्या चार धडे पुढे गेल्या. आता ती सून आबांना फोन करून गाऱ्हाणं सांगते, “आबा, त्यांना जरा हळू घ्यायला सांगा ना.” आबांच्या हातून झालेली नवी विक्री म्हणावी तर ही एवढीच, आणि तीसुद्धा अपघाताने.

वरची पायरी विकायचा तर त्यांच्यापुढे प्रश्नच नव्हता. काय बोलायचं ते भाचीने छान टाइप करून पाठवलं होतं: ‘ताई, तुमची प्रगती पाहून खास तुमच्यासाठी,’ वगैरे. आबांनी चष्मा लावून तो कागद समोर धरला आणि एका बाईला माझ्यादेखत सांगितलं, “हे बघ, इथं कागदावर लिहिलंय की तू प्रिन्सेस कट घ्यावा. पण मी तुझा फोटो पाहिला. काखेत चुण्या पडतात तुझ्या. मुंढा चुकतोय. आधी तो नीट कर.”

“पण मला घ्यायचाय आबा! पैसे पाठवते ना मी.”

“पैसे कुठं पळून जातात? चौथा धडा पुन्हा बघ. बाही बसली की मला फोटो टाक, मग बघू.”

बाई बिचारी हिरमुसली. आतून अक्कांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट आला. ब्लाउजमधलं आबांना सुईत दोरा ओवण्याइतकंही येत नाही. पण धडे मात्र त्यांनी एकूण एक पाठ केलेत, आणि मुंढ्याचा झोळ त्यांना फोटोतही लांबून दिसतो.

या तडाख्यातून मीही सुटलो नाही. हिने बहिणीचा कोर्स हौसेने घेतला आणि चौथ्या धड्यावर अडकली. एका संध्याकाळी आबांचा फोन. नेहमीप्रमाणे हिच्या सासूबाईंना, म्हणजे माझ्या आईला फोन द्यायला सांगतील म्हणून मी आईला हाक मारणार, तेवढ्यात ते म्हणाले, “नाही, तुम्हीच थांबा. मी काकूंशी दुपारी बोललो. चोकअप तुमच्यापाशी आहे.” संध्याकाळी सहा ते आठ माझं चहा, पोहे, पुन्हा चहा, पेपर कुठे आहे, चष्मा कुठे आहे, हे जे चालतं त्याची वेळेनिशी यादी त्यांच्याकडे होती. आईने फितुरी केली होती. त्या दिवसापासून सहा ते सात मी स्वयंपाकघरात भांडी घासू लागलो आणि ही मशीनवर बसू लागली. पंधरा दिवसांत हिचा मुंढा सुधारला आणि माझे हात इतके स्वच्छ झाले की ऑफिसात लोक विचारू लागले. आबांनी वहीत हिच्या नावापुढे ‘चोकअप निघाला’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. मी माणूस आहे, नळीतलं शेवाळ नाही, हे त्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

असं सगळं आनंदात चाललं होतं आणि कोर्स मात्र आकसत चालला होता. नव्या बायका कमी येत होत्या, जुन्यांपैकी मुदत वाढवणाऱ्या त्याहून कमी. उन्हाळा लागता लागता भाचीने व्हिडिओ कॉल लावला. मी तिथे शेवभाजी खायला गेलो होतो, त्यामुळे साक्षीदार झालो. “बाबा,” ती म्हणाली, “तुमचा एक फोन पाऊण तास चालतो. दिवसाला सात होतात. आता मशीन मिळतं. एका सकाळी सगळ्यांना फोन करतं, मुदत संपली सांगतं, एक दाबा म्हणतं, काम संपलं. आखाजीपर्यंत साठ जणींची मुदत संपतेय. त्यातल्या निम्म्या तुम्ही परत आणा. तीस आल्या तर फोन तुमच्याकडे. नाहीतर आखाजीनंतर मशीन. कबूल?” आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. आबा “हाव” म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. तिचंही काही चुकत नव्हतं. घर, नोकरी सांभाळून ती हे करत होती आणि अक्कांचा उद्योग तिला बुडू द्यायचा नव्हता. परतताना आबा मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. एरवी कोपऱ्यापर्यंत येईतो ते तिघांशी बोलतात, त्या दिवशी कुणाशीच बोलले नाहीत. मी स्कूटर चालू केल्यावर एवढंच म्हणाले, “एकदा रिटायर झालो, ते कंपनीनं केलं. घरच्यांनी रिटायर केलं तर माणसानं कुठं जायचं, साडूभाऊ?”

दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचे दोन शर्ट लागू लागले, एक सकाळचा आणि एक दुपारचा. आबांनी साठ ओळी आखल्या आणि एकेक सुरू केली. मी संध्याकाळी जाऊन आकडा विचारायचो. सात. अकरा. सोळा. लग्नसराई होती, बायका ऑर्डरींखाली दबलेल्या होत्या, तरी आकडा सरकत होता. कारण निम्म्या घरांतल्या सासवाच सुनांच्या मागे लागल्या होत्या. एक बाई मात्र लागत नव्हती. साक्रीच्या पलीकडे डोंगराकडच्या गावातली सविता. फोन लावला की संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुसऱ्या कुणी नाव खोडून पुढची ओळ घेतली असती. आबा एका सकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात हजर. “चला. शेवटच्या ड्रिपरपर्यंत जाऊन बघावं लागतं.” मी रजा टाकली. का टाकली ते मला अजून कळलेलं नाही.

जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, तिथून जीपमध्ये एका शेळीशेजारी बसून आम्ही दुपारी त्या गावी पोचलो. सविता दारातच मशीन मांडून बसली होती, भोवती पाच-सहा लग्नांचे ब्लाउज लटकलेले. आबांना तिने पाहिलं नव्हतं, पण यांनी अंगणातून “कशी आहेस गं?” अशी आरोळी ठोकली आणि ती ताडकन उठली. “आबा! तुम्ही? इतला दूर कसाले उनात?”

“तुझा फोन काबर लागत नाही?”

“आठे नेट नही शे. धरणना बांधवर जावं लागस,” ती हसत म्हणाली. धड्यांसाठी ती वर्षभर त्या बांधावर चढत होती आणि आबांचे फोनही तिला तिथेच लागायचे; लग्नसराईत तेवढी सवड मिळाली नव्हती. एका दमात तीन धडे बघायचे, डोक्यात घालायचे आणि घरी येऊन कापडावर उतरवायचे. सासू आतून पाणी घेऊन आल्या. आबांनी त्यांना वाकून नमस्कार केला, गुडघ्यांची चौकशी केली आणि मग लटकलेला एकेक ब्लाउज उजेडात धरून मुंढा बघायला लागले. एक बाही त्यांनी माझ्या हातात चढवायला घेतली तेव्हा मात्र मी मागे सरलो. माझीही काही प्रतिष्ठा आहे; निदान साक्री तालुक्यात तरी ती शाबूत होती.

सगळे ब्लाउज पाहून झाल्यावर आबांचा चेहरा फुलला. “एक चुणी नाही. बठ्ठं, सगळंच येतं तुला.”

“हाव आबा, आते माले बठ्ठं येस.”

“मग मुदत वाढवून काय करते? नको वाढवू.”

मी मागून त्यांचा शर्ट ओढला. जोरात ओढला. दिवसभराचा प्रवास, एक रजा आणि एक शेळी एवढं सोसून आम्ही एका गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगायला आलो होतो. परतीच्या वाटेवर तिने दिलेले नागलीचे पापड मांडीवर धरून आबा गाणं गुणगुणत होते, आणि मी उरलेल्या दिवसांत किती बायका लागतील याचा हिशोब करत होतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी भाची माहेरी आली. घरात पुरण शिजत होतं, पडवीतल्या आढ्याला झोका बांधला होता, आणि दुपारी चार वाजता तिने लॅपटॉपमध्ये बघून जाहीर केलं, “बाबा, एकतीस!” अक्कांनी देवापुढे साखर ठेवली. मी आबांना मिठी मारली. साडूला मिठी मारायची माझी ती पहिलीच वेळ, दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं. एवढ्यावर सगळे स्वस्थ बसते तर ही गोष्ट इथे संपली असती. पण आबांनी शर्ट बदलला. “परत आल्या बिचाऱ्या. एकेकीचे आभार मानतो.”

“नको बाबा,” भाची म्हणाली. तिला बापाची जात ठाऊक होती. पण फोन लागला होता.

तिसऱ्या-चौथ्या फोनवर कळलं की एरंडोलच्या एका बाईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि तिने आबांचं मन मोडायला नको म्हणून मुदत वाढवली आहे. “अगं, हात बरा होऊ दे आधी! रद्द कर, रद्द कर,” आबा ओरडले. तीस. आम्ही सगळे श्वास रोखून त्यांच्याभोवती उभे. मी फोन काढून घ्यायच्या बेतात होतो. अक्कांनी डोळ्यांनी दटावलं. बाकीच्या बायका सुखरूप निघाल्या आणि शेवटचं नाव आलं. सविता. आदल्या दिवशी बांधावर चढून तिने मुदत वाढवली होती, आणि आताही ती तिथेच उभी होती, म्हणून फोन लागला. वाऱ्याचा आवाज खोलीभर येत होता.

“तुला बठ्ठं येतं ना गं? मग पैसे काबर भरले?”

सविता म्हणाली, “आबा, मुदत सरनी की तुम्हना फोन बंद व्हई जाई ना. मना माहेरमा आते कोनी नही शे. दुसरं कोनी फोन करस नही माले.”

भाची लॅपटॉपवर बोटं ठेवून थांबली होती. आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. “वेडी आहेस,” ते म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज फोनशिवाय साक्रीला ऐकू गेला नसता इतका खाली आला. “फोनची काय मुदत असते? तो मी करीनच. पैसे परत येतील तुझे, पोरांना कपडे घे.” फोन ठेवून ते भाचीला म्हणाले, “हिचं नाव काढ.”

“बाबा, एकोणतीस होतील.”

“हाव. माहीत आहे.”

शब्द म्हणजे शब्द. आखाजीच्या दिवशी आबांनी दोन पुरणपोळ्या कमी खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी वही कपाटात ठेवली. भाचीलाही वाईट वाटत होतंच. निदान मशीनमध्ये आवाज तरी बाबांचा असू दे, असं ती म्हणाली आणि अक्कांच्या स्टँडपुढे त्यांना उभं केलं. वाक्यं चारच होती. पण “कशी आहेस गं?” म्हटलं की आबा थांबायचे.

“बाबा, थांबू नका. पुढचं बोला.”

“अगं, ती बोलंल ना. तिच्या बोलण्यात मी कसा बोलू?”

पाच वेळा झालं, दहा वेळा झालं, ते थांबायचेच. शेवटी भाची कंटाळली. असू दे, खरंच बोलल्यासारखं वाटतं, म्हणाली. तर ते असं झालं: “कशी आहेस गं?” मग शांतता. “सासूबाई काय म्हणतात?” मोठी शांतता. “छान, छान! बरं, तुझी मुदत संपली आहे. वाढवायची असली तर एक दाब.” आणि तिची नजर चुकवून शेवटी, “नसली वाढवायची तरी काही हरकत नाही हो.” मुदत न वाढवलेल्या आणि पुढच्या महिन्यात संपणाऱ्या अशा सगळ्यांना मशीनने सकाळी दहाला फोन लावले. सव्वादहाला अक्कांचा फोन वाजायला लागला, तो दोन वाजेपर्यंत थांबला नाही.

“अक्का, आबांना ऐकू कमी येतं का हो? मी विचारतेय काय, ते बोलतात काय!” ही पहिली. दुसरी धुळ्याची, ती रडवेली झालेली, “अक्का, तोंड वाकडं तर नाही ना झालं त्यांचं? आमच्या सासऱ्यांचं अस्संच सुरू झालं होतं.” तिसरीने त्या मोठ्या शांततेत, सासूबाई जिन्यावरून पडल्या, पाय मोडला, दवाखान्यात आहेत, असं सगळं सांगितलं होतं आणि त्यावर आबा “छान, छान!” म्हणाले होते. ती रागाने नुसती तडतडत होती. “सासूबाईंना काय सांगू मी? रोज विचारतात, आबांचा फोन आला का म्हणून!” मशीन होतं असं अक्का सांगत होत्या, तर कुणी ऐकायला तयार नाही. आबांचा आवाज आम्ही ओळखत नाही का?

आबा उठले. इस्त्रीचा शर्ट चढवला, कपाटातून वही काढली आणि उभ्याने पहिला फोन लावला तो पाय मोडलेल्या घरी. “ते मशीन होतं गं. आवाज माझा होता, मी नव्हतो. सासूबाईंना दे आधी.” आणि त्या सासूबाईंची त्यांनी वाकून, हात जोडून माफी मागितली; फोन खांद्यात धरून हात जोडताना ते इतके वाकडे झाले होते की धुळ्याच्या बाईने पाहिलं असतं तर तिची खात्रीच पटली असती. मग दुसरा फोन. तिसरा. भाची स्टुलावर बसून ऐकत होती. बापाचा फोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने कधी ऐकलाच नव्हता. तिने फक्त मिनिटं मोजली होती. मांडीवरच्या लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला, चहावर साय धरली. कुणाची सासू बरी, कुणाच्या पोराला दहावीच्या निकालाचं टेन्शन, कुणाच्या नवऱ्याने मशीनचं टेबल चुलीपासून खिडकीत हलवून दिलेलं. माफी मागायच्या फोनांवर कितीजणींनी आपण होऊन मुदत वाढवली हे मला सांगता येणार नाही. भाचीने आकडा बघितलाच नाही. पाच वाजता तिने एकदाच पडदा उघडला, मशीनचं बटण बंद केलं, आणि बाबांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. आबा घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी पुढचा नंबर लावला.

दोन दिवसांनी तिला सकाळच्या पुण्याच्या बसवर सोडायला मी आणि आबा गेलो. खिडकीशी बसून ती बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत होती. मग म्हणाली, “बाबा, धरणगावच्या आजींशी तुम्ही पाऊण तास बोलता. साक्रीच्या बाईशी तर तास. मला फोन केला की दोन मिनिटं. जेवलीस ना, जावई बरे ना, ठेवतो.”

आबांना खरंच कळेना. “तुझी काय मुदत संपणार आहे, की ती वाढवायला मी फोन करू?”

ती हसली. हसता हसता तिने तोंड दुसरीकडे वळवलं, आणि तेवढ्यात बस हलली. आबा बस फाटकातून बाहेर पडेपर्यंत हात वर करून उभे होते. मी रिक्षा बघायला गेलो, वळून बघतो तर यांनी फोन कानाला लावलेला.

“कशी आहेस गं?” सगळ्या स्टँडने वळून पाहिलं. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बहुतेक, आत्ताच तर निघाले, बस अजून चौकात आहे, असं काही म्हणाली असेल. “असू दे ना. सांग, काय चाललंय तुझं,” आबा म्हणाले आणि थांबले. ती बोलायला लागली असावी, कारण ते चालू लागले, रिक्षाकडे न बघता, उन्हातून, घराच्या दिशेने. मधूनमधून नुसतं “हं” म्हणत होते. मी रिक्षावाल्याला नको म्हणून सांगितलं आणि दोन पावलं मागे राहून चालत राहिलो.